आधी आमची लाईन बंद करा

४ जुलै

प्रिय भिंगरी,

पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि आई पलीकडून प्रत्येक वाक्याला "काय म्हणाली?" विचारत राहतात. शिवाय माझा फोन ऑफिसचा आहे आणि हे त्यावर बोलायचं नाही.

हिवाळ्यापासून मी एकाच कामाला जुंपलेली आहे. सूर्यावर कधीकधी मोठा स्फोट होतो आणि तिथून सुटलेला झोत पृथ्वीवर येऊन आदळतो. माणसाला काही होत नाही, पण जमिनीतून नको तो करंट लांबलांबच्या विजेच्या लाईनींमध्ये चढतो. आपले मोठे ट्रान्सफॉर्मर त्यासाठी बनवलेले नाहीत. ते आतून तापतात आणि जळतात. असं मोठं वादळ आलं तर कुठली लाईन आधी बंद करायची, कुठली नंतर, याचा क्रम लावायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. वीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढल्याचं बक्षीस.

क्रम लावला. पहिली लाईन तुमच्या गावाची आहे.

बंद केली तर दिवस-दोन दिवस अंधार राहील. आईंचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं आणि त्याची बॅटरी जेमतेम दुपारभर टिकते. तेव्हा दोन मोठे सिलिंडर भरून घरात ठेव, आणि कशासाठी ते कुणाला सांगू नकोस. आईंनाही नाही. आराखडा मंजूर व्हायचाय, झाला तरी गोपनीय राहणार आहे. तुला हे लिहून मी नियम मोडलाय, हे लक्षात असू दे.

तुझा दादा बरा आहे. मी काय लिहितेय हे त्यालाही माहीत नाही.

तुझी वहिनी

*

११ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचता वाचता मी एका माणसाला खोकल्याच्या औषधाऐवजी डोळ्यांचे थेंब दिले. त्याने घरी जाऊन नाव वाचलं आणि परत आला म्हणून निभावलं.

अख्ख्या देशात तुला आमचंच गाव सापडलं का? खाली खोऱ्यात कारखाने आहेत, दिवसरात्र धूर ओकतात, त्यांचं नाव नाही. आमच्याकडे काय, डोंगरावरची चार माणसं, ओरडली तरी खाली ऐकू जात नाही. तुझ्या कागदावर आम्ही एक रेघ असू. या रेघेच्या टोकाला तुझी सासू बसलीय, नाकात नळी घालून.

सिलिंडर ठेवलेत. पण आता पुढचं ऐक. औषधाचं दुकान माझं, त्यामुळे गावात कोण ऑक्सिजनवर आहे ते मला तोंडपाठ आहे. ज्या दिवशी आईचे सिलिंडर बाजूला काढले त्याच संध्याकाळी टेलरमास्तर आले. त्यांच्या वडिलांची छाती आईपेक्षा वाईट आहे आणि मशीन जुनं. म्हणाले, "ताई, एखादा जास्तीचा मिळेल का? लाईट जाते-येते, रात्री झोप लागत नाही मला." मी म्हटलं, शिल्लक नाही. सिलिंडर माझ्या पाठीमागे पडद्याआड उभे होते.

मास्तरांनी आभार मानले आणि गेले. आभार कशाचे मानले कोण जाणे.

तू मला हे का सांगितलंस, वहिनी? एक तर सगळ्यांना सांगायचं, नाही तर मलाही नाही.

भिंगरी

*

१८ जुलै

प्रिय भिंगरी,

तू रागावणार हे धरूनच चालले होते. मास्तरांचं वाचल्यावर मात्र डबा तसाच परत आणला.

तुमचंच गाव का, ते सांगते. तुमची लाईन देशातली सगळ्यात लांब आणि ती कातळावरून जाते. कातळ करंट मुरू देत नाही, तो सगळा तारेत चढतो आणि तुमच्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरायला बघतो. तो ट्रान्सफॉर्मर जुना आहे. तसा दुसरा कुठे शिल्लक नाही. नवीन बनवायला दीड-दोन वर्षं, वर तुमच्या घाटातून तो चढवायचा. म्हणजे प्रश्न उजेड की अंधार असा नाहीच. दोन दिवसांचा अंधार हवा की दोन वर्षांचा, एवढाच आहे.

तुझ्या पत्रानंतर मी सगळं गणित परत मांडलं. खरं सांगू? कुठेतरी चूक निघावी म्हणूनच मांडलं. निघाली नाही. साहेबांच्या कानावर घातलं की तिथे माझी सासू राहते. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "हवं तर दुसऱ्या नंबरवर टाका, कोण बघतंय." मी टाकलं नाही.

मास्तरांना दे एक सिलिंडर, काहीही कारण सांगून. पण आराखड्याबद्दल अजून महिनाभर तोंड उघडू नकोस. मंजुरी येऊ दे. मंजुरीनंतर दवाखान्यांना तरी कळवा, असं मी साहेबांच्या मागे लागलेय.

तुझी वहिनी

*

२ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

मी सांगितलं.

आधी फक्त दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कारण त्यांचा जनरेटर बिघडलेला आहे हे मला माहीत होतं. त्यांनी नगराध्यक्षबाईंना सांगितलं. नगराध्यक्षबाईंनी पालिकेच्या सभागृहात सभा लावली आणि मला पुढे उभं केलं. "तुम्हाला कुठून कळलं?" असं कुणीतरी विचारलं. मी नाव घेतलं नाही, तर मागून एकजण म्हणाला, "हिची भावजय वीज कंपनीत नाही का?" झालं.

पुढचं तू पेपरात वाचलंच असशील. लोक सबस्टेशनच्या फाटकावर जाऊन बसले. बिचारा ऑपरेटर आत एकटा, डबा खायचाही चोर झाला. सभेने ठराव केला की आमच्या गावाची लाईन कुठल्याही कारणाने आधी बंद करू नये. वर मंत्र्यांपर्यंत गेलाय तो. लाईन आधी का बंद करायची, हे तू लिहिलेलं मी सांगायचा प्रयत्न केला. तोवर कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

आईही सभेला आली होती, छोटं मशीन गळ्यात अडकवून. मी तिला घरी ठेवून गेले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्यापासून काय काय लपवता गं तुम्ही दोघी?"

सांगितल्याचा पश्चात्ताप मला होत नाही. पण तुझ्या नोकरीचं काय होईल याची काळजी लागलीय. फोन उचल ना एकदा.

भिंगरी

*

१२ ऑगस्ट

भिंगरी,

फोन उचलणार नाही. चौकशी चालू आहे आणि तुझ्याशी बोलू नये असं मला लेखी कळवलंय. पत्राचं त्यांना सुचलं नसावं.

आराखड्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आता मागच्या टेबलावर जुने अहवाल लावत बसते. तुमच्या ठरावाला यश आलंय. डोंगरावरची लाईन आता वरून परवानगी आल्याशिवाय कुणी बंद करायची नाही. तुमच्या आवाजाने घाबरून खोऱ्यातल्या कारखानेवाल्यांनीही तेच करून घेतलं. परवानगी देणारे कोण, तर ज्यांना ट्रान्सफॉर्मर आणि पाण्याची टाकी यातला फरक सांगावा लागतो असे लोक.

तुला वाटत असेल गाव वाचवलं. मला आजवर इतकी भीती कधी वाटली नव्हती.

तुझा दादा म्हणतो, तिचं चुकलं नाही, तुझंही नाही. असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर जेवायला बसणं फार अवघड असतं.

वहिनी

*

२० ऑगस्ट

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो, अक्षर लावून घे. तुझ्या नणंदेने तुझी सगळी पत्रं माझ्यापुढे आणून ठेवली. रडत होती. मी म्हटलं, रडून माझा ऑक्सिजन वाढणार आहे का, चहा टाक.

सभेत सगळे एकदम बोलत होते. मला ऐकू कमी येतं, त्याचा फायदा असा की मी तोंडं बघत होते. सगळ्यांच्या तोंडावर भीती होती, राग नंतरचा. तुझ्या पत्रातलं अर्धं मला कळलं, अर्धं नाही. मला सोपं करून सांग. तुम्ही आमची लाईन बंद केलीत तर ती परत चालू होईल, हे नक्की ना? आणि नाही बंद केली तर काय होईल? मला जपायचं म्हणून गोड लिहू नकोस. मी काही आज आजारी पडलेली नाही.

आणि तुम्ही दोघी बोलत नाही आहात, ते आधी बंद करा.

आई

*

२७ ऑगस्ट

ती. आईंना नमस्कार.

तुम्ही विचारलंत ते सोपं करून लिहिते.

आम्ही वेळेत लाईन बंद केली तर वादळ ओसरल्यावर, सगळं तपासून, ती परत चालू होईल. याची मला खात्री आहे. बंद केली नाही आणि वादळ मोठं असलं तर ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका फार मोठा आहे. जळला तर पाण्याचे पंप, दवाखाना, पिठाची गिरणी, शाळा, तुमचं मशीन, सगळं दीड-दोन वर्षं जनरेटरवर. तेवढं डिझेल घाट चढून रोज येणार नाही.

गोड लिहू नकोस म्हणालात, म्हणून हेही लिहिते. लाईन बंद केल्यावरचे दोन दिवस सोपे नसतील. तुमच्यासारख्या माणसांना त्या दोन दिवसांतच धोका आहे. बाकीचं गाव वाचेल, पण त्याचा भार तुमच्यासारख्यांवर पडेल. गणित मांडताना हे मला माहीत होतं.

भिंगरीला सांगा, माझा राग गेलाय असं नाही, पण कमी झालाय.

तुमची सून

*

१९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

कमी झालेल्या रागाबद्दल आभारी आहे. उरलेला हप्त्याहप्त्याने सोड.

आईने तुझं पत्र दुकानात बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. जो औषध घ्यायला येईल त्याला बसवायचं आणि ऐकवायचं. तुझं ते वाक्य, "त्याचा भार तुमच्यासारख्यांवर पडेल," तिथे ती थांबते आणि समोरच्याकडे बघते. लोक औषध न घेताच परत जायला लागले तेव्हा मी म्हटलं, आता सभाच घेऊ.

दुसरी सभा शांत झाली. मास्तर उठले. ते कधी चारचौघांत बोलत नाहीत. म्हणाले, "माझे वडील मशीनवर आहेत, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. दोन दिवस मी त्यांना कसंही सांभाळीन. दोन वर्षं नाही सांभाळू शकणार. वेळ आली तर बंद करा." नगराध्यक्षबाई ठराव मागे घ्यायला तयार नाहीत, निवडणूक तोंडावर आहे. पण "वेळ आली तर बघू" इथवर आल्यात.

मग आम्ही एक तालीम केली. रविवारी सकाळी गावाने आपणहून मेन स्विच बंद केले. काय काय निघालं म्हणून सांगू. दवाखान्याच्या दुरुस्त केलेल्या जनरेटरचं तोंडभर कौतुक झालं आणि तो सुरूच होईना. त्याची बॅटरी बदलली. पाण्याची वरची टाकी अर्धी रिकामी होती. ऑक्सिजनवरच्या माणसांना दवाखान्यात हलवायचं ठरलंय, तिथे एकत्र सांभाळता येईल. त्याला तासभर लागतो. मास्तरांचं घर सगळ्यात वर, पायऱ्यांवर, तिथून खुर्चीत बसवून आणावं लागतं.

म्हणजे आम्हाला तासभर आधी कळायला हवं, वहिनी. एवढं तुझ्या साहेबांकडून मिळव.

भिंगरी

*

९ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुमची लाईन परत चालू झाली, एवढंच मला कळलंय. गावात काय झालं ते माहीत नाही. फोन लागत नाही. इथलं सांगते.

स्फोट झाल्याचं आदल्या दुपारीच समजलं होतं. साहेबांनी वर चिठ्ठी पाठवली की दोन लाईनींना परवानगी द्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उपग्रहावरून निरोप आला की तासाभरात येऊन आदळतंय. माझ्या जागी बसलेला मुलगा पांढरा पडला. साहेबांनी मला मागच्या टेबलावरून हाक मारली, "या इकडे, बसा."

मी बसले. साहेब एका फोनवर वर बोलत होते. कुणीतरी त्यांना थांबायला सांगत होतं, मग दुसऱ्याकडे देत होतं. साहेब "होय सर, होय सर" म्हणत होते आणि माझ्यासमोर तो तास सरत होता. मी म्हटलं, "गावाला कळवू या का निदान? त्यांना तासभर लागतो." ते म्हणाले, "परवानगी नसताना काय कळवणार? उगीच पळापळ होईल." मी गप्प बसले. फोन माझ्या हाताशी होता, भिंगरी.

मग वादळ आलं. समोरची स्क्रीन लाल झाली. तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल उकळायला लागल्याची घंटा वाजली. साहेब अजून फोनवरच. तेवढ्यात तुमच्या सबस्टेशनहून फोन आला. मला ऑपरेटरचा आवाज अपेक्षित होता. बाईचा आवाज आला. "मी नगराध्यक्ष बोलतेय. आधी आमची लाईन बंद करा. गाव सांगतंय म्हणून लिहून घ्या."

मी स्पीकर चालू केला. साहेबांनी ऐकलं, हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला. त्यातून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. म्हणाले, "काढा."

मी तुमची लाईन बंद केली. लगेच खोऱ्यातली काढायला घेतली, पण तिथला ट्रान्सफॉर्मर तेवढ्यात जळाला होता. ते कारखान्यांचं शहर अजून अंधारात आहे आणि किती महिने राहील सांगता येत नाही.

आई कशा आहेत? दोन ओळी लिही, पण लगेच लिही.

वहिनी

*

१५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

आई बरी आहे. दवाखान्यात सगळ्यांना शिस्त लावत होती. आता घरी आहे.

ऑपरेटरने आधी दुकानात फोन केला. "ताई, हा काहीतरी वेगळाच आवाज करतोय." मी पालिकेत धावले, नगराध्यक्षबाईंना मीटिंगमधून उठवलं. सबस्टेशनच्या फाटकाशी पोचलो तर पायाखालची जमीन थरथरत होती. ट्रान्सफॉर्मर गुरगुरत होता, आत कुणी जनावर कोंडल्यासारखा. बाईंनी ऑपरेटरला विचारलं, "हा असा याआधी कधी वाजलाय?" तो म्हणाला, "कधीच नाही." बाईंनी घाम पुसला, म्हणाल्या, "निवडणूक गेली खड्ड्यात, फोन द्या."

त्या फोन ठेवतात न ठेवतात तोच लाईट गेली. आम्हाला जो तास हवा होता तो मिळालाच नाही. मी आणि डॉक्टरीणबाई घरोघर पळालो. आईला हलवलं, ऑक्सिजनवरच्या एका लहान बाळाला हलवलं, आणखी तिघांना. मास्तर कपडे पोचवायला घाटाखाली गेले होते. त्यांचे वडील वर घरी, जवळ शेजारीण. मी सिलिंडर घेऊन चढले, रेग्युलेटर घाईघाईने बसवला आणि खाली पळाले, कारण जनरेटर पुन्हा कुरकुरत होता. शांतपणे बसवला असता तर हवा सुटल्याची फुसफुस ऐकू आली असती. संध्याकाळी शेजारीण धावत आली तेव्हा सिलिंडर रिकामा झाला होता. खुर्चीत बसवून खाली आणलं. सकाळी गेले ते.

मास्तर परवा दुकानात आले. रिकामा सिलिंडर पुसून आणला होता. मी सगळं सांगितलं, रेग्युलेटरचंही. ते रागावले नाहीत. सिलिंडर काउंटरवर ठेवून म्हणाले, "ताई, लाईन बंद केली नसती तर बाबा वाचले असते का? तुमच्या वहिनींना विचाराल?"

खोऱ्यातल्या शहरातून माणसं वर येताहेत, आमच्या दवाखान्यात. त्यांच्याकडे बघून वाटतं आपण बरोबर केलं. मास्तरांकडे बघून काही वाटायची हिंमत होत नाही. त्यांना उत्तर मला देता येणार नाही. तू दे.

भिंगरी

*

२२ ऑक्टोबर

टेलरमास्तर यांस,

नमस्कार. आपण कधी भेटलेलो नाही. लाईन बंद करणारा हात माझा होता.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, हो. त्या दिवशी लाईन चालू राहिली असती आणि ट्रान्सफॉर्मर टिकला असता, तर तुमचे वडील तेव्हा गेले नसते. ट्रान्सफॉर्मर टिकला नसता असं मला वाटतं. घंटा वाजली होती, आणि त्याच वेळी खोऱ्यातला जळाला. पण वाटणं वेगळं, माहीत असणं वेगळं, आणि ते आता कुणालाच कधी कळणार नाही.

तुम्ही विचारलं नाही तेही लिहिते. वादळ येतंय हे आम्हाला आदल्या दिवशी कळलं होतं, आणि नक्की येतंय हे तासभर आधी. वडिलांसारख्यांना दवाखान्यात हलवायला गावाला तासभर लागतो हे मला माहीत होतं. तो तास आम्ही परवानगीची वाट बघण्यात घालवला आणि मी हाताशी फोन असून बसून राहिले. त्यांचा जीव लाईन बंद केल्यामुळे गेला नाही. तुम्हाला न सांगता बंद केल्यामुळे गेला. माझ्या नणंदेने रेग्युलेटर घाईत बसवला, कारण ती घाई आम्ही तिच्यावर आणली. तिला दोष देऊ नका.

हेच मी चौकशीत लेखी दिलंय. साहेबांनी खाली सही केली. आराखडा परत माझ्याकडे आलाय. आता त्यात काही गोपनीय नाही. वादळाची पहिली खबर आली की प्रत्येक गावाला त्याच दिवशी कळवायचं, परवानगी असो-नसो. यामुळे तुमचं काही परत येत नाही, हे मला समजतं.

रविवारी मी गावात येतेय. तुमच्या दारात येईन. आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. तुम्ही जे विचाराल त्याचं उत्तर देईन, आणि काहीच विचारलं नाहीत तर बसून राहीन.

आपली,
भिंगरीची वहिनी